तेलाची वाट

१

ओरत्तनाडूहून तंजावूरला जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाच्या थोडं अलीकडे, एक काळी मोटार चिंचेखाली उभी होती. चाकं धड, काचा धड, टाकीत पेट्रोल भरपूर. पण तिचं इंजिन आतल्या आत जखडून लोखंडाचा नुसता गोळा झालं होतं. मागे रस्त्यावर, नजर पोचेल तिथवर, काळ्या तेलाचे ठिपके पडले होते.

आदल्या दिवशी या गाडीत भुवनेश्वरी होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहाटे कळा सुरू झाल्या, सुईणीने हात टेकले, आणि तिच्या वडिलांनी, सूर्यनारायणरावांनी, तिला तंजावूरच्या इस्पितळात न्यायला गाडी काढली. गाडी इथवर आली आणि मेली. बैलगाडी मिळून इस्पितळ गाठेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. मूल वाचलं. भुवनेश्वरी गेली.

चिदंबरराव गाडीपाशी उभे होते. तंजावूरच्या मोटार वाहन खात्यात ते इन्स्पेक्टर. आयुष्य गाड्या तपासण्यात गेलेलं. पण राजलक्ष्मी, भुवनेश्वरीची आई, त्यांची धाकटी बहीण. काल ते स्मशानातून घरी आले होते आणि आज त्यांना या गाडीखाली शिरायचं होतं.

"मी नात्यातला आहे," ते सब-इन्स्पेक्टर सांबशिवला म्हणाले. "दुसऱ्या कुणाला बोलवा."

"तुमचे भावोजीच ऐकत नाहीत, सर. म्हणतात, चिदंबर बघेल आणि तो सांगेल तेच मी मानेन." सांबशिवने वही उघडली. "ड्रायव्हर नटराजला काल संध्याकाळी ठाण्यात आणून बसवलाय. त्याने मुद्दाम तेल सोडून दिलं, अशी त्यांची तक्रार आहे."

"मुद्दाम कशाला?"

"मागे एकदा गावासमोर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली होती. त्याचा राग."

चिदंबररावांनी कोट काढून सांबशिवच्या हाती दिला आणि रस्त्यावर पाठ टेकली. तेल सोडायचं तर इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट काढावा लागतो. तोच पाहायचा म्हणून त्यांनी हात वर नेला. बोल्ट घट्ट होता. त्याच्याभोवती भाताच्या शेतातला चिखल वाळून बसला होता, आणि त्या चिखलाला तडासुद्धा गेला नव्हता. याला कित्येक दिवसांत पाना लागलेला नव्हता.

म्हणजे तेल कुणी सोडलं नव्हतं. दगड लागून पोट फुटलं असावं, म्हणून त्यांनी सगळीकडून बोटं फिरवली. पत्रा अखंड होता.

ते बाहेर आले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आणि तिथेच त्यांची बुद्धी थबकली. गळती म्हटली की ती एका जागी असते. तिथून ओघळ निघतो, वारा त्याला मागे नेतो, धूळ चिकटते, आणि धुळीवरून उलट चालत गेलं की उगम सापडतो. इथे उगमच नव्हता. पुढून, मागून, इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या चारी कडांतून, तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातूनसुद्धा तेल आलं होतं. सगळं इंजिन घाम फुटल्यासारखं ओलं होतं.

२

नटराज ठाण्याच्या कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. खाकी पॅंट, खाकी सदरा, दोन्हीवर भुवनेश्वरीचं रक्त वाळलेलं. गाडीतून बैलगाडीत तिला त्यानेच उचलून नेलं होतं.

"तेल होतं का?" चिदंबररावांनी तमिळमध्ये विचारलं.

"काल पहाटे स्वतः ओतलं, अय्या. पट्टी पुसून पाहिली. वरच्या खुणेपर्यंत होतं."

"गळत होतं हे ठाऊक होतं?"

"पोंगलनंतर सुरू झालं. आधी थोडं, मग रोज जास्त. मी रोज ओततच होतो. सुब्रमण्यमच्या गॅरेजात दोनदा नेली. त्याने सगळे बोल्ट आवळून दिले. आवळले की जास्तच गळायचं." त्याने मान खाली घातली. "ताई आत ओरडत होत्या, म्हणून मी कधी चालवली नव्हती इतक्या जोरात चालवली. तेलाचा काटा खाली पडला तेव्हा मी म्हटलं, अय्या, थांबवतो. मोठे अय्या म्हणाले, थांबलास तर जीव घेईन."

"पोलिसांना सांगितलंस हे?"

"सांगितलं. ते म्हणतात, सगळे ड्रायव्हर असंच सांगतात."

चिदंबरराव उठले. हा माणूस खरं बोलतोय असं त्यांना वाटलं. पण वाटण्याला कोर्टात किंमत नसते. निष्काळजीपणाने मरण ओढवलं, एवढं एक वाक्य लिहिलं की नटराज तुरुंगात जाणार होता, आणि ते वाक्य लिहिण्याचं काम त्यांच्याकडेच आलं होतं.

दारापर्यंत गेल्यावर त्यांनी सहज मागे वळून विचारलं, "पोंगलला तू इथेच होतास?"

"नाही, अय्या. बहिणीचं लग्न ठरवायला मन्नारगुडीला गेलो होतो. चार दिवसांनी आलो, आणि गाडीखाली तेलाचं थारोळं."

३

गाडी बैल जुंपून सुब्रमण्यमच्या गॅरेजात ओढून आणली होती. सुब्रमण्यम दाराशीच उभा होता. आपल्यावरच येणार हे त्याने गृहीत धरलं होतं.

"दिवाळीत इंजिन उघडलं होतं, खरं आहे. प्रत्येक सांध्यातलं पॅकिंग नवं घातलंय. वाटलं तर उघडून बघा."

"उघड."

एकेक भाग सुटत गेला. चिदंबररावांनी पॅकिंगच्या पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. एकही फाटलेली नव्हती, एकही तिरकी बसलेली नव्हती. कामात खोट नव्हती.

"मग तेल कुठून गेलं?"

"तेच मला कळेना," सुब्रमण्यम म्हणाला. "जिथे ठिबकायचं तिथे मी आवळायचो. दुसऱ्या दिवशी भलतीकडून ठिबकायचं."

"दिवाळीला पिस्टनच्या रिंगा बदलल्या होत्यास?"

"मिळाल्याच नाहीत. मद्रासहून येणार होत्या. मी मोठ्या अय्यांना सांगितलं होतं, तोवर इंजिन थोडा धूर सोडेल, वास येईल, सोसून घ्या."

चिदंबरराव बाकावर बसले. रिंगा झिजलेल्या, म्हणजे सिलिंडरमधला जाळ थोडा थोडा इंजिनाच्या पोटात उतरणार. तो बाहेर पडला पाहिजे. नाही पडला तर? त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळी घरी चुलीवर पाहिलेलं इडलीचं भांडं आलं. झाकणाचं भोक बुजलं होतं, आणि वाफ चारी बाजूंनी फसफसत, पाणी उडवत बाहेर येत होती. झाकण चांगलं होतं, भांडंही चांगलं होतं.

"सुब्रमण्यम," ते हळूच म्हणाले, "या इंजिनाचा श्वास कुठून जातो?"

सुब्रमण्यमने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. इंजिनाच्या कुशीतून एक नळी निघून खाली रस्त्याकडे वळलेली होती. आतली वाफ आणि धूर जायला तेवढीच वाट. तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण तिच्यातून कधी तेल ठिबकलं नव्हतं.

चिदंबररावांनी नळीच्या तोंडात बोट घातलं. बोट आत गेलं आणि अडलं. चिमट्याने ओढल्यावर काळा, तेलाने थबथबलेला बोळा बाहेर आला. रस्त्यावरची घाण अशी घडी घालून आत जात नाही. हा कुणीतरी हाताने, अंगठ्याने दाबून, खोलवर बसवला होता.

त्यांनी तो रॉकेलमध्ये धुतला. काळं सुटत गेलं तशी खालचं लाल रंगाचं मऊ सुती साडीचं कापड दिसू लागलं, आणि त्याच्यावरचे बारीक पांढरे ठिपके.

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते बहिणीच्या गावी, ओरत्तनाडूजवळ, गेले. नारळीच्या राईत दोन घरं शेजारी शेजारी होती. एक सूर्यनारायणरावांचं, दुसरं त्यांच्या पुतण्याचं, एकोजीचं. एकोजी तंजावूरच्या शाळेत शिकवायचा आणि सुट्टीला गावी यायचा; आता भुवनेश्वरीच्या सुतकासाठी आला होता. काकापुतण्यांत वर्षभर अबोला होता. एकोजीच्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा काकांनी गाडी दिली नव्हती, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं.

चिदंबरराव आधी त्याच्याकडेच गेले. खरं सांगायचं तर त्यांना तिथेच उत्तर सापडायला हवं होतं.

"पोंगलच्या सुट्टीत तू काकांच्या गाडीच्या शेडमध्ये गेला होतास," ते अंधारात दगड मारल्यासारखं म्हणाले.

एकोजी लाल झाला, पण नाकारलं नाही. "गेलो होतो. माट्टुप्पोंगलच्या, गुरांच्या सणाच्या दिवशी. आईला वैद्याकडे न्यायचं होतं, म्हणून पुन्हा एकदा तोंड वेंगाडायला गेलो. आत गेलो तर गाडीखाली कुणी झोपून काही करत होतं. नुसते पाय दिसले. नटराज असेल म्हणून मी परत फिरलो. नोकरासमोर भीक कुठे मागू?"

"नटराज कशावरून?"

"गाडीखाली दुसरं कोण जाणार?"

"पाय कसे होते? पॅंट होती?"

एकोजी आठवू लागला. "नाही... वेष्टी होती. पांढरी, जरीकाठाची. गुडघ्यापर्यंत वर सरकलेली." आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तो शेजारच्या घराकडे पाहू लागला. गावात रोज जरीकाठाचं असं धोतर नेसणारा माणूस एकच होता.

 हे इथेच थांबवावं, बस पकडून परत जावं, असं चिदंबररावांच्या मनात येऊन गेलं. पण कोठडीतला तो रक्ताळलेला खाकी सदरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

शेजारच्या घरात ते मागच्या दाराने शिरले. राजलक्ष्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. मांडीवर नात. कापसाच्या वातीने ती तिच्या तोंडात गाईचं दूध पिळत होती. भावाला पाहून ती रडली नाही. तिचं रडणं संपलं होतं.

"बस, अण्णा. पोरीला धर जरा, फडकं बदलते."

तिने कोपऱ्यातल्या टोपलीतून धुऊन घडी घातलेलं एक फडकं काढलं. बाळाच्या लंगोटांसाठी जुन्या साड्या फाडून तिने हिवाळाभर अशी फडकी करून ठेवली होती. हातातलं तिने झटकून उलगडलं.

लाल सुती. त्यावर बारीक पांढरे ठिपके.

५

"राजी," चिदंबरराव म्हणाले.  "यातलं एखादं फडकं कुणी मागून नेलं होतं का?"

"कशाला रे?"

"सांग तर."

"हे घेऊन गेले होते एक. पोंगलच्या सुमारास. मी म्हटलं, बाळाचं आहे, दुसरं चिरगुट देते, तर म्हणाले, हेच मऊ आहे, नीट बसेल." तिने बाळ परत घेतलं. "भुवनाला गाडीतल्या धुराच्या वासाने ओकाऱ्या व्हायच्या. दर पंधरवड्याला डॉक्टरिणीकडे न्यायचं, तर पोर अर्ध्या वाटेत निळी पडायची. यांना बघवेना. मग पोंगलनंतर वास एकदम गेला. म्हणाले, मी बंदोबस्त केला. पोरगी हसली होती त्या दिवशी..."

ती बोलता बोलता थांबली. भावाच्या तोंडाकडे पाहत राहिली. राजलक्ष्मी शाळा फार शिकली नव्हती, पण इडलीचं भांडं तिला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"काय सापडलं तुला गाडीत?"

त्यांनी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता.

तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस."

"राजी, नटराज—"

"त्यांना सांगू नकोस, अण्णा! गेल्या दोन दिवसांत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. नटराजला शिव्या देतात तेवढ्यावरच जिवंत आहेत. ते काढून घेतलंस तर माझ्याजवळ काय राहील? मुलगी गेलीच."

"नटराजचीही आई आहे."

"तू लिही ना, काही कळलं नाही म्हणून. तू इन्स्पेक्टर आहेस. मोटारी काय, बिघडतात."

"मग सगळं त्याच्यावरच जाईल. गाडी त्याच्या ताब्यात होती."

तिने बाळाला छातीशी ओढलं. न्याय मागायला तिला कुणाची बाजूच उरली नव्हती. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली.

"कोण, चिदंबर का? आलास? ये, इकडे ये. काय केलं त्या हरामखोराने, सांग मला."

६

सूर्यनारायणराव तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, खांबाला टेकून बसले होते. भारदस्त माणूस दोन दिवसांत वाळल्यासारखा झाला होता. जरीकाठाची वेष्टी मळली होती.

चिदंबरराव त्यांच्याशेजारी बसले.  

"भावोजी, तेल कुणी सोडलं नव्हतं. पॅकिंगही चांगलं होतं."

"मग?"

"इंजिनाला श्वास सोडायची एक नळी असते. ती बुजली होती. आतला दाब वाढला आणि त्याने तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर लोटलं. हळू चालवली की थोडं, जोरात चालवली की पुष्कळ. त्या दिवशी कालव्यापर्यंत येताना सगळंच गेलं."

"बुजवली कुणी? नटराजने?"

"नटराज तेव्हा मन्नारगुडीला होता."

सूर्यनारायणराव त्यांच्याकडे पाहत राहिले. चिदंबररावांनी हात खिशाकडे नेला. खिशात धुतलेलं फडकं होतं. ते काढायचीही गरज पडली नाही.

"खाली वळलेली नळी?" सूर्यनारायणरावांनी विचारलं. "धूर यायचा ती?"

"होय."

"मला वाटलं ती फक्त धुराची." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब समजून घेणाऱ्या माणसासारखा. "धूर नको होता, म्हणून मी बंद केली. कुणाला विचारायचं, असं वाटलंच नाही. आपलीच गाडी." मग थोड्या वेळाने, "ती म्हणाली होती, अप्पा, आता बघा, मुळी वास येत नाही. दोन वेळा म्हणाली."

आत बाळ रडू लागलं. राजलक्ष्मीचा पायरव दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," चिदंबरराव म्हणाले. "कुणाच्याच आलं नाही ध्यानात. मेस्त्रीच्याही नाही."

"ठाऊक नव्हतं," सूर्यनारायणरावांनी मान हलवली. पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते उठले, आणि अंगावर उपरणं न घेताच पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. चिदंबरराव मागे धावले.

दोघे मिळेल त्या बसने निघाले. ठाण्यात सांबशिवपुढे उभे राहून सूर्यनारायणरावांनी सगळं सांगितलं, फडकं कुठून घेतलं इथपासून. काही लपवलं नाही. नटराज थांबवतो म्हणाला होता, हेही.

"त्याला सोडा आणि मला धरा."

सांबशिवने चिदंबररावांकडे पाहिलं. "त्याला सोडतो, अय्या. पण तुम्हाला कशाखाली धरू? स्वतःच्या मुलीला त्रास होऊ नये म्हणून नळीत कापड घातलं, हा गुन्हा कुठल्या कायद्यात बसवू?"

"माझ्यामुळे मेली ती."

"घरी जा, अय्या."

"शिक्षा नाही?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "काहीच नाही?" सांबशिवने हात जोडले. त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

नटराजला बाहेर आणलं. सूर्यनारायणराव त्याच्यापुढे गेले, वाकले, त्याच्या पायांना हात लावायला निघाले. नटराज दचकून मागे सरला. मारायला उठलेल्या हातापासूनही तो असा सरला नसेल.

"नको, अय्या," तो म्हणाला.  "मला सांगायचं होतंत. मन्नारगुडीहून आलो तेव्हा एका शब्दाने सांगायचं होतंत, नळीत काहीतरी घातलंय म्हणून. मी काढलं असतं. रोज तेल ओतताना मी त्याच जागी वाकत होतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सूर्यनारायणरावांना त्याच्यापुढे मान तरी वाकवता आली असती. नटराज तसाच, रक्ताच्या सदऱ्यात, बसस्टॅंडच्या विरुद्ध दिशेला चालत गेला. त्या बाजूला त्याचं कुणी राहत नव्हतं.

ठाण्याबाहेरच्या बाकावर सूर्यनारायणराव बसले. चिदंबरराव शेजारी बसले. त्यांनी आयुष्यभर बिघाड शोधले होते, आणि बिघाड सापडला की काम संपतं अशी त्यांना सवय होती. आज तो सापडला होता; सगळा, शेवटच्या दोऱ्यापर्यंत. त्याचं पुढे काय करायचं ते मात्र त्यांना कळत नव्हतं.

ओरत्तनाडूची बस आली. कंडक्टरने दारातून ओरडून विचारलं, येताय का. सूर्यनारायणरावांनी ऐकलं नाही. चिदंबररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, उठवण्यासाठी. पण हाताखालचं अंग इतकं जड लागलं की जोर करायचं त्यांच्या मनात येईना.

त्यांनी कंडक्टरला खुणेने जायला सांगितलं.